कमांडो येईपर्यंत

प्रिय पोरी,

पोलीस प्रशिक्षण केंद्रात रविवारी तासभर मोबाईल हातात मिळतो, त्यातली वीस मिनिटं तू मला एवढा लांब मेसेज लिहिण्यात घालवलीस. घरी फोन केलास ना? आधी तो करत जा.

तुझी तक्रार कळली. दहशतवादी हल्ल्याच्या विषयावर दोन तास स्लाईड दाखवल्या आणि पुन्हा मैदानावर आणून तीच कवायत, तीच नाकाबंदी, तोच पंचनामा. ‘दोरीवरून उतरायला कधी शिकवणार, सर?’ असं विचारतेस. बहुतेक कधीच नाही. त्यासाठी फोर्स वन हे राज्याचं कमांडो पथक आहे, शीघ्र कृती दल आहे. तू शिपाई म्हणून पोलीस ठाण्याला जाशील. पण घटना घडेल तेव्हा तिथे सगळ्यात आधी तूच असशील, आणि ही मंडळी पोहोचेपर्यंतचा वेळ तुझ्या वाट्याचा.

26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरच्या हल्ल्याचा हिशेब मांडून बघ. रात्री साडेनऊच्या सुमारास गोळीबार सुरू झाला. एनएसजी या केंद्राच्या कमांडो दलाचे जवान दिल्लीजवळच्या मानेसरहून मुंबईत येऊन कामाला लागले तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. तोवर सीएसटीवर 58 माणसं गेली होती. आणि कसाब पकडला गेला तो कुठे? गिरगाव चौपाटीला, नाकाबंदीत. तुला कंटाळवाण्या वाटणाऱ्या नाकाबंदीत! बॅरिकेड लावलेले, रस्ता अरुंद केलेला, पोलीस ठाण्याचे नेहमीचेच लोक उभे. अतिरेक्यांची गाडी अडथळ्याच्या अलीकडेच थांबली, वळायला गेली आणि दुभाजकावर अडकली. मोकळा रस्ता असता तर ती कुठे गेली असती, याचा विचार मी आजही करतो.

तुकाराम ओंबळे आमच्या साताऱ्याकडचे, जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. सहायक फौजदार. हातात लाठी. त्यांनी एके-47 ची नळी दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही. त्यांना अशोकचक्र मिळालं. त्यांचा फोटो तुमच्याकडे भिंतीवर असेल, त्याला सलाम कर. पण ‘लाठीने एके-47 ला हरवलं’ असलं भाषण कुणी ठोकलं की मला राग येतो. त्या माणसाच्या हातात लाठीपेक्षा बरं काहीतरी असायला हवं होतं. म्हणून फायरिंगच्या दिवशी अंग दुखतंय म्हणून सिक रिपोर्ट देऊ नकोस. मोजून मिळणारी प्रत्येक गोळी नेम धरून मार, आणि हत्यार साफ करायचा कंटाळा केलास तर माझी ओळख सांगू नकोस.

त्या रात्रीची दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. अतिरेक्यांनी येताना दोन टॅक्सींत बॉम्ब ठेवले होते. एक विलेपार्ल्याला फुटला, एक माझगावकडे. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून लांब. पोलीस कंट्रोल रूमला फोनवर फोन. सुरुवातीला तर कित्येकांना हे गँगवॉर वाटलं. अशा वेळी वायरलेसवर ‘साहेब, खूप मोठं झालंय, लवकर या’ असं ओरडणारा शिपाई गोंधळात भर घालतो. तू कुठे उभी आहेस, डोळ्यांनी काय पाहिलंस, काय पाहिजे, एवढंच बोल आणि बटण सोड. ऐकलेलं असेल तर ‘ऐकलंय’ म्हण. चार माणसं दिसली तर चारच सांग, दहा नको.

मैदानावर उस्ताद तुम्हाला शंभर फुटांवरून हुकूम द्यायला लावतात, मुली लाजतात, मुलं हसतात. हसू नका. सीएसटीच्या उद्घोषकाकडे त्या रात्री फक्त माईक होता. त्याने प्रवाशांना कुठून बाहेर पडायचं ते सांगत राहून कितीतरी माणसं वाचवली. तुझ्याकडे माईक नसेल. पोटातून निघणारा आवाज असेल आणि ‘या बाजूने चला, थांबू नका’ एवढे शब्द असतील. मुंबईतल्या एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर 2017 साली चेंगराचेंगरीत 23 जीव गेले, तिथे बॉम्बही नव्हता आणि बंदूकही नव्हती. पाऊस, अरुंद जिना आणि गर्दी.

आता माझी चूक सांगतो. नोकरीची तीन वर्षं झाली होती, एका एसटी स्टँडवर ड्युटी. बाकड्याखाली बेवारस बॅग. लोक ‘बघा ना, पोलीस’ म्हणत भोवती गोळा झाले आणि मला शौर्य आलं. लाठीने बॅग ओढली, पायाने उलटी केली. आत शाळेचा गणवेश आणि फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या. लोक हसले, मीही हसलो. आमचे हवालदार हसले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, ‘तुझ्यामागे किती पोरं उभी होती, मोजली होतीस का?’ मोजली नव्हती. बॅगेला हात लावायचा नाही, जवळ वायरलेस किंवा मोबाईल वापरायचा नाही, आधी माणसं लांब काढायची, आडोशाला न्यायची, मग बॉम्बशोधक पथकाला बोलवायचं. हे मला नियमावलीत होतं तेव्हा कळलं नाही, त्या प्रश्नाने कळलं.

स्फोट होऊन गेला असेल तरी हेच. 2008 मध्ये अहमदाबादला बाजारांत स्फोट झाले, जखमी सिव्हिल हॉस्पिटलला येऊ लागले, नातेवाईक जमले, आणि मग तिथेच स्फोट झाला. गर्दी जमणारच हे बॉम्ब ठेवणाऱ्याला ठाऊक होतं. म्हणून जखमीकडे धावताना आजूबाजूला नजर टाक, बघ्यांना मागे रेट, आणि ॲम्ब्युलन्सला आत यायला एक व बाहेर जायला एक असा रस्ता मोकळा ठेव. हे शेवटचं काम सगळ्यात कमी दिमाखाचं, म्हणून कुणालाच करायचं नसतं. किल्लारीच्या भूकंपात मी राज्य राखीव दलात होतो. ढिगाऱ्याखाली माणसं होती आणि रस्त्यावर भूकंप बघायला आलेल्यांच्या जीपगाड्या. दोन दिवस मी एकही दगड उचलला नाही, नुसता रस्ता मोकळा करत होतो. तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

सगळेच बघे नसतात, हेही ओळखायला शीक. 11 जुलै 2006 ला मुंबईत लोकलच्या सात डब्यांत अकरा मिनिटांत स्फोट झाले, तेव्हा रुळांशेजारच्या वस्त्यांतले लोक घरच्या चादरी घेऊन धावले आणि त्यांचीच स्ट्रेचर केली. अशा माणसांवर लाठी उगारू नकोस. त्यातल्या चार दणकट पोरांना हाताशी धर, कामं वाटून दे. आणि एक वही ठेव. कोणता जखमी कोणत्या गाडीतून कोणत्या हॉस्पिटलला गेला, वय अंदाजे, अंगावर काय कपडे. ती पानं नसली की बायका-मुलं रात्रभर एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात फिरतात. तुझ्या पंचनाम्याच्या तासाला अक्षर सुधारायला सांगतात ना, ते यासाठीही.

मोबाईलवर शूटिंग करायचं नाही. 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यात ताज हॉटेलमध्ये काय चाललंय ते टीव्हीवर बघून सीमेपलीकडून अतिरेक्यांना फोनवर सूचना दिल्या जात होत्या. तुझा व्हिडिओ कुणाच्या ग्रुपवर जाईल, सांगता येत नाही.

मोहल्ल्यातल्या बीटबद्दल, म्हणजे शिपायाला नेमून दिलेल्या गस्तीच्या भागाबद्दल, विचारलं होतंस. त्यावर एवढंच, की कुठल्या खोलीत कोण नवीन राहायला आलंय हे तुला सांगणारा माणूस तू वर्षभर ज्याच्याकडे चहा प्यायलीस तोच असतो. एका दिवसात धाक दाखवून तो मिळत नाही. त्याला नावावरून, दाढीवरून संशयित ठरवलंस तर तो गप्प बसेल आणि तुला ते कळणारही नाही.

पुढच्या महिन्यात तुमची मॉक ड्रिल आहे म्हणतेस. सगळ्यांना हल्ला परतवणाऱ्या गटात जायचंय, जखमी व्हायला कुणी तयार नाही. तू जखमी हो. डोक्याला लाल रंग लावून उन्हात फरशीवर पडून राहा, अगदी मधोमध. कोण वाकतं, कोण फोटो काढतं, कोण तुला ओलांडून पुढे पळतं ते बघ. तुझ्यापर्यंत पहिला हात किती मिनिटांनी आला ते घड्याळात बघून ठेव, आणि रविवारी मला कळव.

तुझा,
उस्ताद
(आता निवृत्त, पण पहाटे साडेचारला जाग येतेच)