हॉस्टेलची किल्ली वॉचमनच्या हातात ठेवून निघू नकोस

सेनगाव तालुक्यातून औरंगाबादला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलीनं विचारलंय: कोरोनामुळं बंद असलेले वर्ग 1 फेब्रुवारी 2022 पासून सुरू झाले, हॉस्टेलवाले वर्षभराची फी एकदम मागताहेत, एसटी संपामुळं बंद, कोरोनाच्या लशीचा दुसरा डोस राहिलाय, तर हॉस्टेल घ्यावं की रूम? वाचलं आणि मागच्या वर्षीची मीच दिसले, म्हणून जरा लांबडं लिहिते.

डोसचं आधी उरकते. तुला अजून 18 पूर्ण नाहीत आणि पहिला डोस 10 जानेवारीचा, म्हणजे लस कोव्हॅक्सिन. 28 दिवस 7 तारखेला भरतात. दुसरा गावाकडंच घेऊन ये. सर्टिफिकेटवरचं नाव आणि जन्मवर्ष आधारशी जुळतं का, तेवढं आजच बघ.

आता हॉस्टेल. आमचे प्रवेशच जानेवारी 2021 पर्यंत लांबले होते. 15 फेब्रुवारीला निम्म्या हजेरीनं कॉलेज उघडलं. पप्पांनी तूर विकून वर्षाचे 22,000 एकरकमी भरले, कारण हप्ते चालणार नाहीत असं सांगितलं होतं. एका बाकावर एकच मुलगी, मेसमध्ये पाळीपाळीनं जेवण. नीट ओळखीही झाल्या नव्हत्या आणि 11 मार्चपासून शहरात अंशतः लॉकडाऊन लागला. ग्रुपवर मेसेज आला, दोन दिवसांत खोल्या रिकाम्या करा. एकूण 24 दिवस राहिले मी तिथं.

माझी चूक इथं झाली. पप्पा गंगाखेडहून गाडी करून आले होते, संध्याकाळच्या आत शहराबाहेर पडायचं होतं, सगळ्या मुलींची पळापळ चालली होती. मी किल्ली वॉचमनकाकांच्या हातात दिली, "काका, येते" म्हणाले आणि गाडीत बसले. अर्ज नाही, रजिस्टरवर सही नाही. मेसेजचा स्क्रीनशॉटसुद्धा काढला नाही. पुढं तो ग्रुपच बंद झाला.

आमची जमीन अल्पभूधारकात बसते. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत अशा घरातल्या मुलांना औरंगाबादेत शिकताना तेव्हा वर्षाला 30,000 मिळायचे. त्या फॉर्मला हॉस्टेलचा दाखला लागतो. तो मागितला तर कार्यालयातून उत्तर आलं, "तू 24 दिवसच राहिलीस, वर्षाचा दाखला कसा देणार?" ठीक आहे, मग उरलेल्या महिन्यांचे पैसे परत द्या म्हटलं. तर त्याच टेबलावरून, "खोली सोडल्याची नोंद नाही, रजिस्टरला ताबा तुझ्याच नावावर आहे, फी परत मिळणार नाही." पैशाच्या वेळी मी वर्षभर राहिलेली आणि दाखल्याच्या वेळी 24 दिवस! पप्पा दोनदा येऊन गेले. एकदा साहेब नव्हते, एकदा निम्मा स्टाफ म्हणून खिडकीच बंद. फॉर्मची मुदत गेली. ऑक्टोबरमध्ये कॉलेज परत उघडल्यावर नो ड्यूजसाठी, म्हणजे काही देणं बाकी नाही या कागदासाठी गेले, तेव्हा देखभाल खर्चाचे आणखी 3,500 काढले. ते भरल्याशिवाय कागद देईनात, म्हणून भरले. लिहितानाही हात थरथरतो, कारण पप्पा त्या खिडकीसमोर टोपी काढून उभे होते, ते मला विसरता येत नाही.

बाकीच्या मुलींनाही पैसे परत मिळाले नाहीत म्हणून काही जण म्हणतील, अर्जानं काय फरक पडला असता? पडला असता. माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलीनं जाताना अर्ज देऊन पोच घेतली होती. तिला फी मिळाली नाही, पण नंतरची थकबाकी कुणी लावली नाही.

म्हणून माझं मत विचारशील तर सध्या वर्षभराची फी भरू नकोस. जानेवारीत सगळं परत बंद झालंच होतं ना? दोघी-तिघी मिळून महिन्याच्या भाड्यानं रूम घ्या, अनामत एका महिन्यापेक्षा जास्त देऊ नका, मेसही महिन्याचीच लावा. तुमच्याकडं अल्पभूधारकाचा दाखला निघत असेल तर रूम ठरवण्याआधीच घरमालकाला भाडेकराराचं विचार, कारण भत्त्याला तो लागतो आणि पुष्कळ घरमालक करारावर सही करायला तयार होत नाहीत. अर्थात हा माझा अनुभव. तुझ्या कॉलेजचे नियम वेगळे असतील, आणि मुलीनं हॉस्टेलमध्येच राहावं असं घरच्यांना वाटत असेल तर तेही चूक नाही. मग निदान सहा महिन्यांचा हप्ता लेखी मागून बघ.

एसटीचा संप कधी मिटेल त्याची वाट बघत बसू नकोस. जिंतूरमार्गे परभणीला ये, तिथून रेल्वे आहे. तिकीट आधीच रिझर्व्ह कर, जनरलच्या भरवशावर सामान घेऊन निघू नकोस. पहिल्या खेपेला गादी-बादली आणू नकोस, इथं मिळते. मूळ कागदपत्रं मात्र खोलीत ठेवून कधीच घरी जायचं नाही, चार दिवसांसाठी सुद्धा.

आणि हॉस्टेलच घेतलंस तर दोन अर्ज आत्ताच लिहून फाईलला ठेव. पहिला ताबा घेताना: "दि. … रोजी खोली क्र. … चा ताबा घेतला, खोलीत पुढील वस्तू आहेत." दुसरा सोडताना: "आपल्या दि. … च्या सूचनेनुसार खोली आज रिकामी केली, किल्ली जमा केली, यापुढील कोणतीही आकारणी माझ्याकडे राहणार नाही." दोन्हीच्या दोन-दोन प्रती काढ, एक त्यांना दे, दुसरीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घे. शिक्का मारायला कुणी नसेल तर तोच अर्ज कॉलेजच्या ईमेलवर त्याच दिवशी पाठव, आणि किल्ली देताना रजिस्टरच्या पानाचा फोटो काढ. गाडी खाली हॉर्न वाजवत असली तरी पप्पांना दहा मिनिटं थांबायला सांग.