कटाना तलवारीला प्लस थ्री बोनस दिला की ती जपानी होते का? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दादा, मी नाशिकला इंजिनिअरिंगला आहे, आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून मिळून गोष्ट रंगवायचा खेळ) खेळतो आणि या वेळी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी झालोय. कॅम्पेन (बरेच दिवस चालणारी गोष्ट) जपानी थीमचं घेतलंय पण मॅजिक आयटम बनवायला बसलो की फायर कटाना, आइस कटाना, फेकला की परत येणारा शुरिकेन (फेकायचं पातं), याच्यापुढे गाडी जातच नाही. परवा एक जण म्हणाला की ही तर मागच्या कॅम्पेनमधलीच तलवार आहे, फक्त नाव बदललंयस. काय करू?

उत्तर: तुझा मित्र खरं बोलला, पण वाईट वाटून घेऊ नकोस, डीएमसाठीच्या २०१४ च्या पुस्तकात, डंजन मास्टर्स गाइडमध्ये पण तेच सांगितलंय, लाँगसोर्डला कटाना म्हणा आणि आकडे तेच ठेवा. सुरुवातीला ते चालतं. पण आयटम खरंच जपानी वाटायला हवा असेल तर ही वस्तू काय करते ते नंतर बघ, ती कुणाची आहे, किती जुनी आहे आणि तिच्याशी लोक कसे वागलेत हे आधी ठरव. तिकडच्या ज्या गोष्टी मला मनापासून आवडतात त्यांच्यात जादू तिथूनच येते.

कोजिकी म्हणून ७१२ सालचा ग्रंथ आहे, त्यातली होओरीची गोष्ट बघ. हा शिकारी, मोठा भाऊ मासे धरणारा. एकदा दोघं आपापलं साहित्य बदलून घेतात आणि होओरीच्या हातून भावाचा गळ समुद्रात जातो. तो स्वतःची तलवार मोडून पाचशे गळ करून देतो, भाऊ नको म्हणतो, मग हजार करून देतो, तरी नको, मला माझाच गळ पाहिजे. शेवटी हा समुद्रदेवाच्या महालात पोचतो, तिथे तीन वर्षं राहतो, गळ एका माशाच्या घशात सापडतो आणि निघताना समुद्रदेव त्याला दोन मणी देतो, एक भरती आणणारा आणि एक ओहोटी आणणारा. भाऊ अंगावर आला की भरती, हात जोडले की ओहोटी.

आता हे दोन मणी तुझ्या टेबलवर आण, पण दोन वेगवेगळ्या प्लेअरला दे, अट्यूनमेंट (वस्तूशी जादूने जोडून घेणं) पण वेगवेगळी. आणि नियम एकच, भरतीचा मणी एकदा वापरला की ओहोटीचा वापरल्याशिवाय तो परत चालणार नाही आणि तोपर्यंत पाणी जिथे आहे तिथेच राहणार. एकाने गाव बुडवलं आणि दुसरा बेशुद्ध पडला तर काय, हा विचार त्यांच्या डोक्यात आला की तुला डॅमेजचा डाइस लागतच नाही बघ.

दुसरी गोष्ट त्सुकुमोगामीची, माझी सगळ्यात लाडकी. जुनी समजूत अशी की घरातल्या वस्तूला शंभर वर्षं झाली की तिच्यात जीव येतो, म्हणून लोक वर्षाच्या शेवटच्या साफसफाईत जुनी भांडीकुंडी शंभरी भरायच्या आत बाहेर टाकून द्यायचे. मुरोमाची काळातल्या (चौदावं ते सोळावं शतक) एका चित्रगुंडाळीत या टाकलेल्या वस्तू चिडतात, आयुष्यभर राबलो आणि शेवटी रस्त्यावर आलो म्हणून माणसांवर सूड घ्यायचं ठरवतात. त्यांच्यात एक जपमाळ असते, ती म्हणते राग सोडा, तर बाकीच्या वस्तू तिलाच मारून हाकलतात. पुढे त्यांची चांगलीच जिरते आणि मग त्या त्याच जपमाळेला गुरू करतात. आपण खंडेनवमीला हत्यारांना, अवजारांना हळदकुंकू लावणारी माणसं, आपल्याला हे समजून घ्यायला वेगळं काही लागत नाही.

मी माझ्या कॅम्पेनमध्ये आयटमच्या कार्डवर कॉमन, रेअर, लेजंडरी लिहायचं बंदच केलं आणि तिथे वय लिहायला लागलो. पार्टीला पहिल्याच सेशनला एक कागदी छत्री दिली, वय ९७. पावसात भिजू देत नाही, एवढंच. चौथ्या सेशनला त्यांनी ती एका सरायमध्ये विसरून टाकली आणि विचारायला पण गेले नाहीत, मी पण काही बोललो नाही, गेममधली तीन वर्षं गेल्यावर ती एका पायावर उड्या मारत दारात उभी. तिच्याशी लढायला कुणी तयारच होईना, एक जण चक्क सॉरी म्हणाला तिला. तसं सेशन मला पुन्हा जमलेलं नाही. अजून वस्तू हव्या असतील तर तोरियामा सेकिएनचं १७८४ चं चित्रांचं पुस्तक शोध, बिवा वाद्य, आरसा, मुखवटे, चिनीमातीची भांडी, सगळ्यांचे योकाई (भुतंखेतं) त्यात आहेत, एका चित्रावरून एक आयटम सहज होतो.

तलवारीऐवजी सुई देऊन बघ. जपानमध्ये हारी-कुयो नावाचा विधी आहे, कुठे ८ फेब्रुवारीला तर कुठे ८ डिसेंबरला, वर्षभरात मोडलेल्या सुया देवळात नेऊन मऊ तोफूमध्ये टोचून ठेवतात, इतके दिवस कडक कापडातून गेलीस आता मऊ जागी पड म्हणून. तुझी सुई रोज एकदा जखम शिवेल, दोन डी-एटवर (आठ बाजूंचे फासे) पडतील तेवढे हिट पॉइंट (पात्राचा जीव) परत, पण रोलमध्ये दोन्हीवर एक पडला तर सुई मोडली. मोडलेली सुई तोफूत ठेवून नीट निरोप दिला तर पुढची सुई आपोआप सापडेल, आणि कुणी कचऱ्यात टाकली तर त्या पार्टीच्या जखमा महिनाभर शिवल्याच जाणार नाहीत.

दारुमा बाहुली पण घे. दोन्ही डोळे कोरे असतात, इच्छा धरताना एक रंगवायचा आणि पूर्ण झाली की दुसरा, मग देवळात नेऊन जाळायची. प्लेअरने सगळ्यांसमोर शपथ मोठ्याने बोलायची, त्या शपथेच्या कामात रोज एकदा अॅडव्हांटेज (फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा). शपथ सोडली तर काय होतं ते सांगू नकोस, बाहुली एका डोळ्याने बघत राहते एवढं प्रत्येक सेशनला सांग.

प्रश्न: दादा, मी पुण्यात असते. आमच्या डीएमने कुसानागी तलवार ट्रेझरमध्ये टाकली आणि आमच्या फायटरने ती विकायला काढली. लोकांच्या देवाधर्मातल्या वस्तू अशा वापरणं मला बरोबर वाटेना. मी उगाच सीरियस होतीये का?

उत्तर: अजिबात नाही, मला पण ते खटकलं असतं. ती तलवार, आरसा आणि मणी ही तिकडच्या सम्राटपदाची तीन चिन्हं आहेत आणि आजही जिवंत परंपरेत आहेत, १ मे २०१९ ला नवे सम्राट गादीवर आले तेव्हा तलवार आणि मणी झाकलेल्या पेट्यांमध्येच समोर ठेवले होते, आतलं कुणाला दाखवत नाहीत. मूळ तलवार नागोयाच्या आत्सुता मंदिरातली मानतात. त्यामुळे अशी वस्तू लूट म्हणून नको. पण तिच्या गोष्टीतून शिकायला भरपूर आहे, जुन्या कथेतला राजपुत्र यामातो ताकेरू पेटलेल्या गवतात अडकतो, त्या तलवारीने गवत कापून सुटतो, आणि पुढे एकदा ती बायकोकडे ठेवून तसाच इबुकी डोंगरावर जातो तिथून आजारी होऊन येतो आणि त्यातच जातो. म्हणजे तलवार सोबत असताना काय मिळतं त्यापेक्षा ती घरी ठेवून निघालास तर काय होतं, हा आयटम डीएमला स्वतःची वेगळी तलवार घेऊन करता येईल. झाकलेली पेटी पण छान आयटम आहे, जोवर उघडत नाही तोवरच ताकद.

आणि हे सगळं आपल्यापासून फार लांबचं पण नाही गं. तो पोतं आणि हातोडा घेतलेला जपानी देव दाइकोकुतेन आहे ना, ज्याच्या हातोड्यातून हवं ते पडतं, तो मुळात आपला महाकाल, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेला. बिवा वाजवणारी बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती. तुझ्या डीएमला सांग, हातोडा वापर, पण देणारा समोर उभा कर आणि पार्टीला मागायला लाव.

प्रश्न: आयटमला जपानी नावं कशी द्यायची? गूगलवर शब्द शोधून जोडतो तर काहीतरीच होतं.

उत्तर: मराठी माणसाला एक सोपी खूण सांगतो, जपानीतला 'नो' म्हणजे जवळपास आपला चा-ची-चे, कुसानागी नो त्सुरुगी म्हणजे कुसानागीची तलवार. तेवढं धरलंस तरी शब्दांची उलटापालट थांबेल. पण मी तर म्हणतो नाव आधी देऊच नको. मिनामोतो घराण्याची हिझामारू नावाची तलवार होती, त्याच घराण्यातल्या योरिमित्सू या योद्ध्याने तिने राक्षसी कोळी कापला आणि तिचं नाव कुमोकिरी पडलं, कोळी कापणारी. दोजिगिरी तलवारीचं पण तसंच, शुतेन-दोजी राक्षसाला मारलं म्हणून ते नाव, ती आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तर पार्टीला बिननावाची साधी तलवार दे, त्यांनी काहीतरी मोठं केलं की नाव त्यांनाच ठेवू दे आणि त्याच दिवशी तिला पहिली पॉवर दे, कोळी मारला असेल तर जाळी तोडायची, राक्षस मारला असेल तर राक्षसांना भीती वाटायची. पुढे अजून मोठं काही केलं तर नाव परत बदलायचं, जुनं खोडू नको, कार्डवर त्याच्याच खाली लिही.