जळगावहून समुद्रात उतरण्याआधी

भाऊ, हतनूर धरणाच्या पाण्यात तू शीड छान सांभाळतोस. पण तिथे भरती-ओहोटी नाही, आणि कोकणात सगळा हिशेब तिच्यावरच चालतो. मुंबईजवळ उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. नांगर टाकताना ओहोटीला चार मीटर खोली दिसली, तरी भरतीचे चार धर, नाळेच्या, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाच्या, उंचीचा एक धर. झाले नऊ. त्याच्या पाचपट, म्हणजे पंचेचाळीस मीटर दोर सोड. नवखी मंडळी इथेच कंजुषी करतात आणि पहाटे नाव सरकलेली असते.

पहिली सफर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेव. पावसाळ्यात नावच काढू नकोस. मुंबईहून दक्षिणेला पहिला चांगला मुक्काम म्हणजे राजपुरीची खाडी, जंजिऱ्याच्या आत. मला ती फार आवडते. वायव्येचा वारा डोंगर अडवतो आणि रात्री शांत झोप लागते. पुढे जयगड, मग विजयदुर्ग, दोन्ही भरवशाची. दाभोळच्या मुखाशी मात्र वाळूचा दांडा सरकत राहतो. स्थानिक कोळ्यांना विचारल्याशिवाय आत शिरू नकोस.

दुपारी खारे वारे जोर धरतात, ते दक्षिणेला जाताना मदत करतात. परतीला मात्र पहाटेच्या मतलई वाऱ्यावर निघ आणि दुपारी वारा चढायच्या आत मुक्काम गाठ. अंधारात किनाऱ्याजवळ जाऊ नकोस, जाळ्यांचे दोर दिसत नाहीत आणि इंजिनाच्या पंख्यात अडकतात.

तोवर घरी रोज दोराची फासगाठ बांधत जा, डोळे मिटून.