चेंडू झाकून बघ

प्रिय पोरा,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला आणि सोबतची क्लिपही पाहिली. पावणेदोन मिनिटांची आहे, पण मी नऊ-दहा वेळा तरी मागेपुढे केली असेल. सेव्हन्सचा, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीचा उपांत्य सामना, शेवटचं मिनिट, तुम्ही दोन गुणांनी मागे. तुमचा तो बुटका सेंटर दोघांच्या कचाट्यातून निसटतो, तिसरा त्याच्या कमरेला मिठी मारतो आणि पडता पडता तो एका हाताने चेंडू मागे फेकतो. मागे नुसतं गवत. चेंडू टप्पा खातो, त्यांचा माणूस उचलतो, शिट्टी. तू लिहिलंयस, ‘सर, त्याला फिजीवाल्यांसारखं खेळायचं होतं. त्याच्यामुळे गेलं.’

त्याच्याबद्दल नंतर बोलू. आधी फिजीवाल्यांबद्दल, कारण त्यांचं नाव तू फार स्वस्तात काढलंस.

प्रशांत महासागरातला तो बेटांचा देश, लोकसंख्या जेमतेम नऊ लाख. म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढी. १२ ऑगस्ट २०१६ च्या पहाटे साडेतीनला मी घरच्यांना न उठवता टीव्हीचा आवाज बंद करून रिओ ऑलिम्पिकची अंतिम लढत पाहत बसलो होतो. समोर ग्रेट ब्रिटन. मध्यंतराला फिजी २९-०. मी चहा टाकायला उठलो आणि तेवढ्यात एक ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणं) बघायची हुकली, त्याची हळहळ अजून आहे. शेवट ४३-७, सात ट्राय. फिजीच्या इतिहासातलं ते पहिलंच ऑलिम्पिक पदक, आणि तेही सुवर्ण. पुढे त्यांनी सात डॉलरची नोट काढली, कर्णधार ओसेआ कोलिनिसाऊचं चित्र असलेली. सात डॉलरची! जगात असला हिशेब कुणी करत नाही, पण सात जणांच्या खेळाला साजेसं दुसरं काय करणार?

तुम्ही पोरं फोनवर जे बघता ते या सात ट्रायचे तुकडे. त्याच दोन दिवसांत झालेली न्यूझीलंडविरुद्धची उपउपांत्य लढत कुणी बघत नाही. १२-७. एक ट्राय इकडची तिकडे झाली असती तर ना नोट, ना सुट्टी, ना मिरवणूक. टोकियोतही तसंच. अंतिम सामन्यात न्यूझीलंडला २७-१२ हरवलं ते सगळ्यांना पाठ आहे, पण गटातल्या पहिल्या सामन्यात यजमान जपानने त्यांना रडवलं होतं. २४-१९ वर कसेबसे सुटले. संघाचा इतिहास वाचायचा तर पदकांच्या यादीआधी असे सामने वाचत जा.

आणि हरलेलेही वाच. तुला माहीत आहे का, या संघाला राष्ट्रकुल स्पर्धेचं सुवर्ण आजवर मिळालेलं नाही? १९९८, २००२, २०१८, २०२२, चार वेळा अंतिम फेरी गाठली आणि चारही वेळा रौप्य. २०१८ ला गोल्ड कोस्टला न्यूझीलंडने ०-१४ असं कोरडं ठेवलं. ऑलिम्पिक विजेते, आणि अख्ख्या अंतिम सामन्यात एक ट्राय नाही! पॅरिसला तर ऑलिम्पिकमधले सलग सतरा सामने जिंकून ते अंतिम फेरीत उभे होते. समोर यजमान फ्रान्स. याच फ्रान्सला गटात १९-१२ हरवलेलं. मध्यंतराला ७-७. मग फ्रान्सने आपला हुकमी खेळाडू आंत्वान द्युपाँ याला मैदानात उतरवलं. त्याने डाव्या कडेने पळत जाऊन एक ट्राय करवून दिली, पुढच्या दोन स्वतः केल्या. २८-७. ऑलिम्पिकमधला फिजीचा तो पहिला पराभव.

तो उत्तरार्ध मी पुष्कळदा पाहिला आहे, आणि पाहायची माझी एक रीत आहे. फोनच्या पडद्यावर चेंडू असलेल्या माणसावर अंगठा ठेवायचा आणि बाकीचे सहा काय करतायत ते बघायचं. सुरुवातीला चीड येते, कारण मजा सगळी अंगठ्याखाली असते. मग हळूहळू दिसायला लागतं. रिओत चेंडूवाला टॅकलमध्ये (पाडायला आलेल्याच्या मिठीत) शिरायच्या आधीच दोघं त्याच्या पाठीला लागलेले आहेत. एक आतून, एक बाहेरून, हाताच्या अंतरावर. चेंडू कुठून निघेल ते त्यांना ठाऊक नाही, पण निघाला तर आपल्याकडेच येणार या तयारीने ते पळतायत. दहापैकी आठ वेळा तो येतच नाही. ते तसेच पळत राहतात. पॅरिसच्या त्या सात मिनिटांत हेच अंतर वाढत गेलेलं मला दिसतं. सुरुवातीला दोन पावलं, मग चार, मग पाठीला कुणीच नाही. हात तेच, कसब तेच.

तू लहानपणी खो-खो खेळलायस म्हणून सांगतो. तिथे पाठलाग करणारा बसलेल्यापाशी जाऊन खो देतो. ऑफलोडमध्ये, म्हणजे पकडीत अडकल्यावर दिलेल्या पासमध्ये, उलटं आहे. देणारा अडकलेला असतो, घेणाऱ्याने जाऊन पोचायचं असतं. त्यात सेव्हन्सचं मैदान पंधरा जणांच्या रग्बीएवढंच मोठं. चौदा माणसांत ती सगळी जागा वाटायची, सात-सात मिनिटांचे दोन डाव. एकटा पडलास की चेंडू गेलाच समज. आणि एकदा गेला की परत मिळवायला छातीत हवा उरलेली नसते.

बेन रायन हा इंग्रज प्रशिक्षक २०१३ मध्ये फिजीत गेला तेव्हा त्या पोरांना चेंडू कसा फिरवायचा हे शिकवण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं. ती पोरं प्लॅस्टिकच्या बाटलीचा चेंडू करूनही खेळतात. त्याने त्यांचा दम वाढवला. सिगाटोका नावाच्या ठिकाणी (लिहितात सिगाटोका, म्हणतात सिंगाटोका) समुद्राकाठी वाळूच्या प्रचंड टेकड्या आहेत, त्यांच्यावर पळवलं. वाळूत पाऊल टाकलं की निम्मं मागे घसरतं हे कोकणच्या किनाऱ्यावर पळालेल्या कुणालाही ठाऊक आहे, पण तिथे तर चढ आहे. पिंडऱ्या पेटतात. त्या टेकड्यांचं नाव क्लिपमध्ये येत नाही. येतो तो तेराव्या मिनिटाला एका हाताने दिलेला पास, आणि आपण म्हणतो, काय उपजत देणगी आहे!

त्याआधीही हा संघ मोठाच होता. १९९७ आणि २००५ चा सेव्हन्सचा विश्वचषक त्यांनी जिंकला, दोन्ही हाँगकाँगला, आणि दोन्ही वेळी वैसाले सेरेवी संघात होता. दुसऱ्या वेळी छत्तीस वर्षांचा! तिसरा विश्वचषक २०२२ ला केप टाउनला आला. हा सेरेवी भारताच्या राष्ट्रीय संघांचाही प्रशिक्षक राहिलाय. त्याला लोक सेव्हन्सचा राजा म्हणतात, त्याच्या हुलकावण्या बघायला मिळतात तिथे बघ. पण अंगठा ठेवून बघ.

आता माझी गोष्ट. रिओनंतरच्या मोसमात मीही खुळावलो होतो. शाळेच्या पोरांना महिनाभर ऑफलोडच शिकवला. उभ्याने, पडता पडता, पाठीमागून. पहिल्याच जिल्हा सामन्यात आमचे चार पास गवतात गेले आणि आम्ही हरलो. मी काय केलं असेल? चौघांना ओळीत उभं करून झापलं. एक पोरगं म्हणालं, ‘सर, मागे कोणच नव्हतं.’ मी त्याला म्हणालो, उलट बोलू नकोस. तो पुढच्या वर्षी आला नाही. तेव्हा माझी नजर चेंडूवर होती, त्यामुळे पोरगं खरं सांगतंय हे मला कळायला तीन-चार वर्षं लागली. महिनाभरात मी घेणाऱ्याला एकदाही पळवलं नव्हतं.

म्हणून तुझी क्लिपही मी तशीच पाहिली, त्या सेंटरवर अंगठा ठेवून. तो निसटतो तेव्हा पडद्याच्या डाव्या कडेला, साइडलाइनपाशी तुमचा विंगर दिसतो. अकरा नंबर. सेंटरने पहिल्याला चुकवलं तेव्हा त्याने तीन पावलं टाकली. दुसऱ्याला चुकवलं तेव्हा तो थांबला. तिसऱ्याने मिठी मारली तेव्हा त्याचे दोन्ही हात कमरेवर होते. चेंडू गवतात पडल्यावर मात्र त्याने हात वर फेकून मित्राकडे बघितलं, तेवढं झटक्यात केलं. अकरा नंबर कोण घालतं हे मी तुला सांगायला नको.

रागावून लिहीत नाही. दिवसातला तिसरा सामना होता, ऊन होतं, तू दमला होतास, तेही दिसतंय. खांदे पडलेत तुझे. पण त्याने टाकलेला पास मला वाईट वाटला नाही. तू तिथे असतास तर समोर पंधरा मीटर मोकळे होते, आणि तुझ्यासारख्या पळणाऱ्याला तेवढे पुरे होते. त्याने तो पास टाकला तो तू असशील या भरवशावर. त्याला याबद्दल काही बोलला असशील तर आधी फोन कर.

सरावाचं विचारलंयस. जिमचं ते वेळापत्रक चालू ठेव, वाईट नाही. पण येत्या रविवारी सकाळी सहाला नदीवर ये, पुलाखाली वाळू अजून शिल्लक आहे तिथे. एक लिटरची बाटली आण, पाऊण भरून, झाकण घट्ट लावून. पहिला अर्धा तास तुझ्या हातात ती येणार नाही. ती घेऊन पळणार तुझा सेंटर, आणि तू त्याच्या पाठीला. तेव्हा त्यालाही घेऊन ये. बूट आणू नका, वाळू आत जाते.

तुझा,
सर