‘सायक्लोन’ टेलर : बर्फावर राजा, कचेरीत कारकून

प्रश्न : शंभर वर्षांपूर्वी कॅनडात आइस हॉकी खेळून पोट भरायचं का? फ्रेड ‘सायक्लोन’ टेलर हा तेव्हाचा सर्वांत महागडा खेळाडू, आणि तरीही सरकारी नोकर, असं वाचलं. दोन्ही एकदम कसं जमायचं?

उत्तर : जमायचं, कारण हंगाम असायचा जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. पूर्वेकडच्या रिंकवर, म्हणजे हॉकीच्या मैदानावर, नैसर्गिक बर्फ. थंडी पडली की खेळ सुरू, बर्फ वितळला की बंद. बाकीचे नऊ-दहा महिने खायचं काय, हा प्रश्न प्रत्येक खेळाडूपुढे असे. टेलरनं त्याचं उत्तर फार लवकर शोधलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. त्याची कारकीर्द मला गोलांपेक्षा या व्यवहारज्ञानासाठी वाचावीशी वाटते.

जन्म १८८४ चा, ओंटारियोतल्या तारा गावचा, वाढला लिस्टोवेलमध्ये. त्या प्रांतात हॉकी हौशी संघटनेच्या मुठीत होती. पैसे घेऊन खेळला तो बाटला, असा सगळा मामला. या संघटनेच्या सचिवानं टेलरला टोरंटोच्या मार्लबरो संघात बोलावलं. यानं नकार दिला. झालं, प्रांतात कुठंच खेळायचं नाही अशी बंदी! एक अख्खा हंगाम पोरगा बसून राहिला. मग तो मॅनिटोबात गेला आणि तिथून १९०६ मध्ये सीमेपलीकडे, मिशिगनमधल्या हॉटन गावी. तांब्याच्या खाणींचं हे गाव. तिथल्या डॉक गिब्सन नावाच्या दंतवैद्यानं १९०४ मध्ये पुढाकार घेऊन लीग उभी केली होती. खेळाडूंना उघडपणे पैसे देणारी हॉकीतली ही पहिली लीग. म्हणजे टेलरला व्यावसायिक केलं ते हौशीपणाच्या रखवालदारांनीच.

ती लीग १९०७ मध्ये बंद पडली. ऑटावाच्या संघानं त्याला घेतलं ते नुसत्या मानधनावर नाही, तर इमिग्रेशन खात्यात कारकुनीची जागा देऊन. ‘सायक्लोन’ हे नाव तिथलंच. गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांनी त्याचा वेग पाहून ते ठेवलं म्हणे. १९०९ मध्ये ऑटावानं स्टॅनले कप, म्हणजे हॉकीतला सर्वांत मानाचा चषक, जिंकला, त्या संघात तो होता.

आणि मग रेनफ्रू. ऑटावाजवळचं लहानसं गाव, लोणी-दुधाच्या धंद्याचं. संघाचं नावही ‘क्रीमरी किंग्ज’. पण पाठीशी ओ’ब्रायन घराणं, चांदीच्या खाणी आणि रेल्वेच्या ठेक्यांवर गब्बर झालेलं. त्यांना स्टॅनले कप गावात आणायचाच होता. जुन्या लीगनं दार लावून घेतल्यावर १९०९ च्या डिसेंबरात अँब्रोज ओ’ब्रायननं इतरांना घेऊन नवी लीगच काढली, नॅशनल हॉकी असोसिएशन. मग पैशांच्या थैल्या सुटल्या. लेस्टर आणि फ्रँक हे पॅट्रिक बंधू आले आणि टेलरला मिळाले ५,२५० डॉलर, तेही बारा सामन्यांच्या हंगामासाठी. एका सामन्याचे चारशे डॉलरच्या वर! वर्तमानपत्रं संघाला ‘मिलियनेअर्स’ म्हणू लागली. कप मात्र मॉन्ट्रियलच्या वाँडरर्सनी नेला. गाव एवढंसं, तिकिटांचं उत्पन्न ते किती. दोन हंगामांत संघ गुंडाळला गेला.

टेलरला खेळवण्याचे हक्क आता वाँडरर्सकडे गेले. हा जाईना. नोकरी ऑटावात, जिच्याशी लग्न करायचं होतं ती थर्झा कुकही ऑटावातच. देशातला सर्वांत महागडा खेळाडू जवळपास पूर्ण हंगाम घरी बसला. १९१२ मध्ये पॅट्रिक बंधूंनी त्याला पश्चिम किनाऱ्यावर व्हँकूव्हरला नेलं. तिथं त्यांनी कृत्रिम बर्फाची रिंक बांधली होती. टेलरची बदलीही त्याच खात्याच्या व्हँकूव्हर कचेरीत झाली.

त्या कचेरीत काय काम चालायचं, हेही आपल्याला ठाऊक हवं. २३ मे १९१४ रोजी ‘कोमागाटा मारू’ हे जहाज बंदरात आलं. ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबी शीख. जहाजावर सर्वांत आधी चढलेला कॅनडाचा अधिकारी म्हणजे हाच टेलर. दोन महिने माणसं किनारा समोर दिसत असताना जहाजावर अडकून होती. मोजक्यांना उतरू दिलं, बाकीच्यांना परत पाठवलं. भारतीयांना अडवणारा कायदा टेलरनं केला नव्हता, निर्णय त्याचा नव्हता. पण तो राबवणाऱ्यांत तो होता. त्याच्यावरच्या कौतुकाच्या लेखांत या प्रकरणावरून भरभर पुढं जातात, ते मला पटत नाही. अवघ्या आठ महिन्यांनी, मार्च १९१५ मध्ये, त्याच शहरानं त्याला डोक्यावर घेतलं : व्हँकूव्हरनं ऑटावाला ६-२, ८-३, १२-३ असं ओळीनं धुतलं आणि स्टॅनले कप प्रथमच पश्चिम किनाऱ्यावर आला. नोकरीत तो चढत चढत प्रांताचा इमिग्रेशन कमिशनर झाला आणि १९५० मध्ये निवृत्त झाला. गेला १९७९ मध्ये, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन.

प्रश्न : त्यानं उलटं स्केटिंग करत गोल केला, ही थाप की खरं?

उत्तर : रेनफ्रूला गेल्याबद्दल ऑटावाकर त्याच्यावर खार खाऊन होते. तिकडे खेळायला गेला तेव्हा लिंबं, बाटल्या, घोड्याची लीदसुद्धा फेकली म्हणतात. त्याआधी यानं म्हणे बढाई मारली होती, तुमच्या बचावातून पाठमोरा जाऊन गोल करीन. तो सामना ऑटावानं जिंकला. मार्च १९१० मध्ये रेनफ्रूत मात्र ऑटावाचा १७-२ असा फडशा पडला, आणि त्यात टेलरनं शेवटचे काही फूट उलटं सरकत पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, जाळ्यात मारला, असं गावच्या वृत्तपत्रानं छापलं. सबंध रिंक पाठमोरा पार केली, ही भर नंतरच्या सांगणाऱ्यांची.

प्रश्न : त्याला ‘रोव्हर’ म्हणत, ते काय?

उत्तर : तेव्हा एका बाजूला सात खेळाडू. सातव्याला ठरलेली जागा नाही; चढाई असो वा बचाव, जिथं गरज तिथं त्यानं धावायचं. पूर्वेत टेलर बचावात, ‘कव्हर पॉइंट’ला खेळायचा, व्हँकूव्हरला रोव्हर आणि सेंटर झाला. पुढं पास द्यायला जुन्या नियमांत बंदी होती, त्यामुळे पक स्वतःच घेऊन पळावं लागे. वेगवान माणसाची चांदी. बदली खेळाडूही नावापुरते, तासभर तेच सात गडी. १९१७-१८ मध्ये, तेहतीस-चौतिशीत, त्यानं अठरा सामन्यांत ३२ गोल केले. पूर्वेकडे रोव्हरची जागा केव्हाच रद्द झाली होती; पश्चिमेनं ती १९२२-२३ च्या हंगामात काढली.