पहिला गिअर : ट्रक शिकणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : तीन आठवडे ट्रक शिकतोय. चढावर गाडी हमखास बंद पडते, गिअर टाकताना कर्रकन आवाज येतो. उस्ताद ओरडले की येत असलेलंही विसरतो. कार मी पाच वर्षं चालवतोय, तरी हे जमत नाही. सोडून द्यावं का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : सोडू नका. तुम्हाला कारच्याच सवयी आड येताहेत. कार उचलताना पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. ट्रकच्या डिझेल इंजिनाला आयडलवरही (ॲक्सिलरेटर न देताही) एवढा जोर असतो, की सपाटीवर रिकामी गाडी नुसत्या क्लचवर निघते. गाडी बंद पडते ती क्लच झटक्यात सुटल्यामुळे किंवा गिअर वरचा असल्यामुळे. रिकामी गाडी बहुधा दुसऱ्यावर उचलते, भरलेली पहिल्यावरच उचला.

चढावर हँडब्रेक लावलेलाच ठेवून पहिला गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडत या. इंजिनाचा आवाज जड होईल, केबिन किंचित उचलल्यासारखी वाटेल. तिथे पाय थांबवा, थोडा ॲक्सिलरेटर द्या, मग हँडब्रेक सोडा. आता घाई नको. एअर ब्रेकच्या, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या गाडीत हवा भरून चाकं मोकळी व्हायला क्षणभर लागतो. त्या क्षणात क्लच सोडला की गाडी बंद पडते, आणि बहुतेक शिकाऊंची चूक नेमकी इथेच होते. उलट टोकाची चूक म्हणजे हाफ क्लचवर गाडी चढावर धरून ठेवणं. त्याने क्लच प्लेट जळते. वास आलाच तर ताबडतोब हँडब्रेक लावा.

गिअर घासतो तो क्लच पूर्ण न दाबल्यामुळे किंवा घाईमुळे. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनासोबत फिरणारं चाक, जड असल्यामुळे इंजिनाचे फेरे कारसारखे पटकन उतरत नाहीत, म्हणून वरचा गिअर टाकताना न्यूट्रलवर क्षणभर थांबा. खालचा टाकताना फेरे वाढवावे लागतात : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून हलका ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच, मग खालचा गिअर. हाच डबल क्लच. गिअरचे फेरे आपोआप जुळवणाऱ्या सिंक्रोमेश गिअरबॉक्सवर तो टाळता येतो, जुन्या गाडीवर त्याशिवाय भागत नाही. शिकून ठेवाच.

सरावाला बसताना एका दिवशी एकच चूक हाताशी घ्या. गाडी चालू करायच्या आधी उस्तादांना सांगा, ‘आज फक्त चढावरची उचल करू.’ काय बघायचं हे त्यांनाही ठाऊक असलं की ओरडणं बरंच कमी होतं. सलग पाच वेळा बरोबर आल्याशिवाय पुढचा धडा घेऊ नका. आणि डावा पाय थरथरायला लागला की त्या दिवसापुरतं थांबा. दमलेल्या पायाला क्लचचा अंदाज राहत नाही, मग सराव चुकीचाच होतो.

प्रश्न : चाकणला गोदामाच्या धक्क्याला गाडी लावताना रिव्हर्समध्ये गोंधळ उडतो. मागे लोक उभे असले की आणखीच.
– एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : साध्या ट्रकला स्टिअरिंग ज्या बाजूला, त्याच बाजूला शेपूट जातं. ट्रेलरला उलटं. ट्रेलरसाठी हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. हात ज्या बाजूला सरकवाल, त्या बाजूला ट्रेलर वळेल. थोडं थोडं फिरवा.

आधी मोकळ्या मैदानात सरळ रेषेत मागे येणं पक्कं करा, फक्त आरशात बघून. मग उजवीकडे वळत मागे येणं, कारण ती बाजू खिडकीतून दिसते. डावीकडचं सगळ्यांत शेवटी. वळत मागे येताना गाडीचं नाक विरुद्ध बाजूला बाहेर फिरतं, तिकडेही लक्ष हवं. मागून खुणा करणारा क्लीनर आरशातून दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे. पुन्हा पुढे घेऊन सरळ करण्यात किंवा खाली उतरून बघून येण्यात कमीपणा नाही, बघे काहीही म्हणोत.

प्रश्न : कात्रजच्या नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना पोटात गोळा येतो. सोबतचे चालक डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात. मला भीती वाटते, ती कशी घालवू?
– एक वाचक, खेड शिवापूर

उत्तर : ही भीती रास्त आहे, ती घालवू नका. न्यूट्रल मात्र कधीही करू नका. त्या उतारावर झालेल्या अपघातांमागे न्यूट्रल आणि ब्रेक निकामी होणं ही कारणं पुन्हा पुन्हा समोर आली आहेत.

न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढ जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचे ड्रम तापतात, त्यांवर घासणारं लायनर तापून पकड सोडतं. इंजिनच बंद केलं तर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, दर वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा कमी होत जाते, आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. डिझेलचं म्हणाल तर आताच्या कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डिझेल सोडणाऱ्या) इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं डिझेल तुटतं. न्यूट्रलमध्ये आयडलसाठी ते जळतच राहतं.

उतार सुरू व्हायच्या आधी ब्रेकच्या हवेचा काटा बघा आणि खालचा गिअर घ्या. जो गिअर तो चढ चढायला लागेल, तोच उतरायला. उतारावर वेग वाढल्यावर खालचा गिअर बसत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्येच अडकते. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा ब्रेक) लावा. ब्रेकवर पाय ठेवून राहू नका : ठाम दाबा, वेग ताशी दहाएक किलोमीटरने उतरवा, पूर्ण सोडा. लायनरचा वास आला किंवा हवा कमी झाल्याची सूचना वाजली तर गाडी हातात आहे तोवर कडेला घ्या आणि चाकाला अडण लावा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. पहिल्या फेऱ्या उस्तादांसोबत, रिकाम्या गाडीने, कमी रहदारीत करा. मग अर्धा माल, मग पूर्ण.

प्रश्न : मुलगा 18 वर्षांचा आहे. थेट ट्रकचं लायसन्स काढता येईल का?
– एक पालक, शिरूर

उत्तर : नाही. मालवाहतुकीची गाडी चालवायला 20 वर्षं पूर्ण लागतात, आणि ट्रकच्या शिकाऊ लायसन्सआधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2024 च्या निकालानुसार हलक्या वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालगाडी चालते, पण 20 ची अट तिलाही आहे. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, चाचणी 30 दिवसांनंतर देता येते. अर्जाला डॉक्टरांचा वैद्यकीय दाखला (फॉर्म 1-अ) जोडावा लागतो. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत 38 तासांचा असतो.

ही दोन वर्षं वाया जात नाहीत. आता त्याला हलक्या गाडीचं लायसन्स काढू द्या. सोबत गाडी निघण्याआधीची तपासणी शिकवा : इंजिन ऑइल, कूलंट, टायरची हवा, सैल नट, हवेची गळती, हवेच्या टाकीतलं पाणी काढणं. कुणी ‘चल, हायवेवर जरा हात साफ कर’ म्हणालं तरी त्याला ट्रकच्या स्टिअरिंगवर बसू देऊ नका. लायसन्सशिवाय अपघात झाला तर विम्याची रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते, आणि मुलावर गुन्हा दाखल होतो तो वेगळाच.