भीती वाटते म्हणजे विश्वास कमी पडला का?

ख्रिस्ती कुटुंबांतून समुपदेशनाला येणाऱ्यांकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता तो विचारण्याआधीच चेहऱ्यावर दिसतो. मूळ भीती कसलीही असो, तपासणीच्या रिपोर्टची, नोकरीची, घरच्यांच्या विरोधाची, तिच्यावर दुसरी चढून बसलेली असते: आपण घाबरलो म्हणजे देवासमोर उणे ठरलो. माणूस खचतो तो बहुधा या दुसरीने.

हिशेब सांभाळणाऱ्या एक बाई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). न झालेल्या खर्चाच्या बिलांवर वरिष्ठ त्यांची सही मागत होते. नाही म्हणायचं हे ठरलेलं, पण दोन महिने चालढकल सुरू होती.

"आधी भीती जाऊ दे, मग बोलेन. रोज रात्री तासभर प्रार्थना करते. आमेन म्हटलं की छाती धडधडतेय का बघते. धडधडतच असते."

गोम इथेच होती. छातीवर असा पहारा ठेवला की मेंदूला वाटतं, पहारा आहे म्हणजे धोका आहे, धडधड वाढते. मग प्रार्थना ही प्रार्थना राहत नाही, रोज नापास व्हायची परीक्षा होते.

"बायबलमधलं कोणतं वचन धरून बसलाय?"

"देवाने आपल्याला भीतीचा आत्मा दिलेला नाही. दुसरं तीमथ्य, एक सात."

"पाठ म्हणू नका. उघडून वाचा."

त्यांनी वाचलं. अडखळल्या. पुन्हा वाचलं. "इथे भित्रेपणाचा म्हटलंय." बराच वेळ बोट त्या शब्दावरच होतं.

हे मी आधीच सांगू शकले असते. पण सांगितलेलं विसरतं, बोटाखाली सापडलेलं राहतं, हा माझा अनुभव आहे आणि थोडा अभिमानही. मूळ ग्रीकमध्ये इथे 'डेइलिया' आहे, म्हणजे कच खाणं. भीतीचा नेहमीचा शब्द 'फोबोस' नव्हे. तो 'फोबोस' हेच पत्र लिहिणारा प्रेषित पौल स्वतःबद्दल वापरतो: करिंथ शहरातल्या विश्वासणाऱ्यांकडे मी भीत, कापत आलो (१ करिंथ २:३). प्रेषितांची कृत्ये ४ मध्ये धमक्या मिळाल्यावर मंडळी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा समुदाय, देवाकडे धैर्य मागते. न घाबरलेली माणसं धैर्य कशाला मागतील? तिथला शब्द 'पॅरेसिया', म्हणजे आडपडदा न ठेवता बोलणं. धैर्य जिभेचं काम आहे, नाडीचं नव्हे.

मग रात्रीचा तास बंद केला. त्याऐवजी सकाळी दहा मिनिटं: भीती एका वाक्यात मोठ्याने सांगायची ("प्रभू, नोकरी जाईल याची मला भीती वाटते"), स्तोत्र ५६:३ (भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन) वाचायचं, आजच्या एका कृतीसाठी बळ मागायचं आणि उठायचं. नंतर छाती तपासायची नाही.

नकार दोनच वाक्यांत कागदावर लिहिला: "हा खर्च झालेला नाही. मी सही करू शकत नाही." रोज उभं राहून पाच वेळा मोठ्याने म्हणायचा. बिघडतं ते तिसऱ्या वाक्यात. तिथे माणूस माफी तरी मागतो, नाहीतर प्रवचन सुरू करतो. प्रेषित पेत्र उत्तर द्यायला सांगतो ते सौम्यतेने (१ पेत्र ३:१५). आत जाण्याआधी चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, दहा वेळा. हे भीती घालवायला नाही, आवाज टिकावा म्हणून. सही कधी, कशावर मागितली याची तारीखवार नोंद ठेवायची आणि मंडळीतल्या एका विश्वासू व्यक्तीला आधी सांगून ठेवायचं.

दुसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज फाटला. तरी वाक्य पूर्ण झालं. वरिष्ठांनी बिलं ओढून घेतली, बोलले काहीच नाहीत. पुढे काय होईल याची भीती बाईंना आजही आहे.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, जेवण तुटलं किंवा जगणं नको वाटू लागलं, तर डॉक्टरांकडे जायचंच. जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी. गोळी घेणं हा अविश्वास नाही. बायबलमध्ये ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत झोपला, तेव्हा देवदूताने त्याला बोधवचन ऐकवलं नाही. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, आणि परत उठवून खायला घातलं.